आखरावरचा मुक्काम

निघायच्या आदल्या संध्याकाळी मी सायकलची हवा पुन्हा पुन्हा अंगठ्यानं दाबून पाहत होते. टायर दगडासारखा घट्ट होता. तरी हात काढून बाजूला झाले की वाटायचं, एवढ्यात कमी झाली असेल. आत्या ओट्यावर बसून ताडपत्रीच्या कडेला दोरी ओवत होती.

"अवो मडम, सोड आता थे," ती म्हणाली. "दाबून दाबूनच हवा काढशीन."

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण. लग्नानंतर वर्षभरात विधवा होऊन माहेरी आली, नर्सचं शिकली, आणि यवतमाळच्या दवाखान्यात लागली. आमच्या गल्लीत सायकल चालवणारी ती पहिली बाई. मला ती मडम म्हणायची, कारण मी नागपूरला मिशनच्या इंग्रजी शाळेत, तिथल्याच वसतिगृहात वाढले होते. शिकून घरी परतले तेव्हा माझी मराठी पुस्तकातली होती. गल्लीतल्या बायका माझ्याशी बोलताना जरा सावकाश बोलायच्या, कमी ऐकू येणाऱ्याशी बोलावं तसं. मीही मग कमीच बोलायचे.

मला ग्रामसेविका व्हायचं होतं. त्या वर्षांत विकास गटांमध्ये शिकलेल्या मुली घेत होते. आधी प्रशिक्षण, मग हाताशी काही गावं, आणि त्या गावांतून सायकलनं फिरायचं. बायकांना बिनधुराची चूल, परसबाग, लहान मुलाचं पाणी उकळणं शिकवायचं. बाबा जिनिंग-प्रेसिंगमध्ये कामाला होते आणि माझ्या शिक्षणाचा त्यांना अभिमान होता. कामाला त्यांची हरकत नव्हती. त्यांचा एकच प्रश्न होता. तो ते जेवताना विचारायचे, कधी अंघोळीला जाता जाता दारात थांबून विचारायचे.

"गावात रात्र झाली तर राहशीन कोठी?"

प्रश्नाचा उरलेला भाग घरात कुणी बोलत नव्हतं. आम्ही धम्म घेतला त्या वर्षी मी वसतिगृहात होते. सुट्टीत आले तेव्हा देव्हारा गेलेला होता, आणि भिंतीवर त्याच्या मापाचा चौकोन नव्या चुन्यानं पांढरा झाला होता. बाबा तेव्हापासून मान वर करून चालायचे. पण गावखेड्यात कुणाच्या ओसरीवर टेकायच्या आधी विचारतात, कोणाचे होय तुम्ही. आमचं उत्तर बदललं होतं. विचारणारे तेच होते.

"ओसरी मागायचीच कायले कोणाले?" आत्या एकदा बाबांना म्हणाली. "आपलं छप्पर आपल्या कॅरिअरवर. जिथं संध्याकाळ, तिथं मुक्काम."

"बोलाले सोपं आहे."

"मंग करून दाखवू. मी आन् हे पोट्टी. नेरवरून दारव्हा, दारव्ह्यावरून बोरी अरब, आन् वापस."

मग बाबांनी जे सांगितलं ते कारखान्यातल्या हुकमासारखं सांगितलं. दोन रात्री बाहेर काढायच्या. कुणाच्या घरात नाही. बैलगाडी नाही, एस.टी. नाही. मागून कुणाला आणायला यावं लागू नये. "सायकलीवर जान, सायकलीवर यान. मंग मी कायीच म्हणत नाही. नाही तर अर्जाची गोष्ट पुन्हा काढायची नाही. पुलगावच्या पोराचं पाहू."

पुलगावचा पोरगा मी पाहिलेला नव्हता. तो वाईट असेल असंही मला वाटत नव्हतं. पण त्या रात्री मला कळलं की माझं पुढचं सगळं आयुष्य आत्यानं मला दिलेल्या तिच्या जुन्या लेडीज सायकलच्या दोन चाकांवर ठेवलेलं आहे. म्हणून मी हवा दाबत होते. त्याआधीचा आठवडाभर मी रोज सायकलच्या दुकानासमोर काही ना काही निमित्तानं उभी राहत होते. पंक्चर कसं काढतात, चेन कशी चढवतात, वाकलेली रिंग गुडघ्याखाली घेऊन कशी दाबतात, हे सगळं पाहून घेतलं. दुकानदाराला काही विचारायचं धाडस मात्र झालं नाही.

*

दिवस कापूस वेचणीचे होते. पहाटे चांगलीच थंडी होती. कॅरिअरला ताडपत्री बांधली होती, जिनिंगमधून बाद झालेला फाटका तुकडा आत्यानं शिवून घेतलेला. त्यात गुंडाळलेल्या दोन सतरंज्या, एक पातेलं, पीठ, मीठ, सायकलचा पाना. पाण्यासाठी दवाखान्यातल्या सलाइनच्या रिकाम्या काचेच्या बाटल्या, फडक्यात गुंडाळून हँडलला टांगलेल्या. आईनं भाकरी आणि ठेचा बांधून दिला आणि माझ्या पदरात सुईदोरा खोचला. बाबा कामावर लवकर निघून गेले होते. एवढ्या लवकर ते कधी जात नसत.

"कोठी चालल्या वो आत्या-भाच्या?" शेजारची म्हातारी ओरडली. "सर्कस आली काय कोठी?"

"आली ना," आत्या म्हणाली. "आमीच होय सर्कस. येता काय पाहाले?"

मी मान खाली घालून पायडल मारत होते.

सायकलवरून लांब जाण्यात काही वेगळी विद्या नाही, हे आता मला माहीत आहे. सावकाश चालवायचं, तहान लागायच्या आधी पाणी प्यायचं, चढावर उतरून ढकलण्यात कमीपणा मानायचा नाही. पण त्या दिवशी मला दर फर्लांगावर काही ना काही बिघडल्याचा भास होत होता. चेनचा आवाज आधी असाच होता का? मागचं चाक जड का वाटतंय? कापसाच्या गाड्या समोरून यायच्या, बैल सायकल पाहून बुजायचे, गाडीवान काहीतरी बोलून हसायचे, आणि मी ते बोलणं ऐकू न आल्यासारखं करून कान त्याकडेच ठेवायचे. गावातून जाताना पोरं मागं धावायची. आत्याचा नियम होता की गावात थांबायचं नाही. गाव ओलांडायचं, शेवटचं घर दिसेनासं झालं की सावली पाहून उतरायचं. "थांबलं का लोक विचारते," ती म्हणाली. काय विचारतात, ते तिनं सांगितलं नाही.

आणखी एक काळजी होती, ती लिहायला अजूनही संकोच वाटतो. दोन बायकांनी रस्त्याच्या कडेला बसायचं कुठं? तुरीची शेतं उंच उभी होती म्हणून निभावलं. एकीनं सायकली धरून रस्त्यावर उभं राहायचं आणि गाणं म्हणायचं. गाणं थांबलं की समजायचं, कुणी येतंय. मला गाता येत नव्हतं, म्हणून मी पाढे म्हणायचे.

नेर मागं टाकून दारव्ह्याच्या रस्त्याला लागल्यावर ऊन कलू लागलं, आणि आत्यानं नाल्याच्या काठावर जागा पाहिली. एका बाजूला तूर, दुसऱ्या बाजूला बाभळी. बाभळीचे काटे वेचून काढण्यातच आमचा उजेड संपत आला. दोन झाडांमध्ये दोरी बांधून ताडपत्री टाकली, कडांवर दगड ठेवले, तीन दगडांची चूल मांडली. तेवढ्यात तुरीतून एक बाई आली. डोक्यावर वेचलेल्या कापसाचं गाठोडं होतं. ती उभी राहिली आणि आमच्या सायकली, पातेलं, ताडपत्री, सगळं एकेक करून पाहिलं.

"इथंच राह्यता काय बाई?"

"आजच्या दिस," आत्या म्हणाली.

"भेव नाही वाटत?"

"तुमच्या शेतात भ्यायसारखं काय आहे सांगा, मंग भेतो."

बाई हसली. मग तिनं विचारलं. "कोणाच्या होय तुम्ही?"

मी चुलीकडे पाहत राहिले. काडी पेटत नव्हती.

"आम्ही बौद्ध," आत्या म्हणाली.

"म्हंजे?"

"म्हंजे तुमच्या मनात आलं ना, थेच."

बाईनं डोक्यावरचं गाठोडं सावरलं. तिचा चेहरा वाईट नव्हता, पण काय करावं ते तिला सुचत नव्हतं. मग तिनं पदरातल्या तुरीच्या हिरव्या शेंगा आमच्या चुलीपासून थोड्या अंतरावर जमिनीवर ओतल्या. "उकडून घ्या," म्हणाली आणि निघून गेली. जमिनीवर ओतल्या, हातात दिल्या नाहीत, हे मी पाहिलं. आत्यानंही पाहिलं असणार. तिनं शेंगा गोळा केल्या, मीठ घालून उकडल्या, आणि आम्ही त्या खाल्ल्या. खूप गोड होत्या. मला त्या गोड लागल्याचाच राग आला.

रात्री झोप अशी लागलीच नाही. मी सायकलच्या चाकाला दोरी बांधून दुसरं टोक मनगटाला बांधलं होतं. दर कुशीला सायकल खणखणायची आणि आत्या म्हणायची, "मडम, चोर तूच होय."

*

दुसऱ्या दिवशी दारव्ह्याहून पुढं जाताना माझी भीती थोडी सैल झाली होती. पाय दुखत होते, पण सायकल ठीक होती. बोरी अरबला बाजारातून आत्यानं कांदे आणि गूळ घेतला, आणि मी सायकली धरून उभी राहिले. कुणी काही विचारलं नाही. एक रात्र गेली होती, एकच उरली होती. उद्या दुपारपर्यंत घरी. मी पहिल्यांदा प्रशिक्षणाच्या जागेचा विचार केला, तिथं खोलीत आणखी किती मुली असतील याचा.

बोरी अरबच्या पुढं एक लहान गाव लागलं. ते ओलांडल्यावर आत्या म्हणाली, "आज जागा तू पाह्य. कालची माही होती, काटेच काटे."

मिशनच्या शाळेत आमचं गाइडचं पथक होतं. तंबू शाळेच्या मैदानात ठोकायचो आणि झोपायला वसतिगृहातल्या खाटांवर जायचो. पण तंबूची जागा कशी निवडावी हे मला पाठ होतं. जमीन सपाट, थोडी उंच आणि कोरडी. गवत आखूड. जवळ पाणी, पण अगदी काठ नको. सावली हवी, पण वाळक्या फांद्यांखाली नको. मी रस्ता सोडून पायवाटेनं आत गेले आणि पाहते तर तशीच जागा, पुस्तकातून काढून ठेवल्यासारखी. मोठं मोकळं मैदान, मधे कडुनिंबाची दोन-तीन जुनी झाडं, खाली उतरलं की ओढा. गवत एकसारखं कातरलेलं. जमीन झाडल्यासारखी स्वच्छ. एका झाडाचं खोड माझ्या खांद्याच्या उंचीला इतकं गुळगुळीत होतं की मी त्यावरून हात फिरवून पाहिला. किती सुंदर, असं मनात आलं. कशामुळे गुळगुळीत झालं असेल, हे मनात आलं नाही.

आत्यालाही काही खटकलं नाही. आमच्या घराण्यात कुणाकडे शेती नव्हती आणि आत्याच्या आठवणीत आमच्या दारात कधी गाय बांधलेली नव्हती. तिचा जन्म यवतमाळातला, जिनिंगच्या भोंग्यावर उठणाऱ्या वस्तीतला. ती एवढंच म्हणाली, "वा वो मडम. शाळेचे पैसे फिटले."

आम्ही त्या गुळगुळीत झाडालाच सायकली टेकवल्या. ताडपत्रीची दोरीही त्यालाच बांधली. त्या रात्री मी झोपले, मनगटाला दोरी न बांधता.

जाग आली तेव्हा बाहेर फटफटलं होतं. आत्या टमरेल घेऊन ओढ्याकडे गेलेली. मी सतरंजीवर बसून वेणी घालत होते. ताडपत्रीच्या पलीकडे कुणीतरी श्वास घेत होतं.

माणसाचा श्वास एवढा मोठा नसतो, हे कळायला मला वेळ लागला. श्वास अगदी जवळ होता, ताडपत्री आत-बाहेर होत होती. मग दुसऱ्या बाजूनंही तसाच. मग घंटा, एक, नंतर पुष्कळ. ताडपत्रीच्या फटीतून ओलं काळं नाक आत आलं, माझ्या वेणीचा वास घेऊन परत गेलं. तेवढ्यात झाडाकडून घासल्याचा आवाज आला, दोरी ताणली गेली, सगळं छप्पर माझ्या अंगावर आलं, आणि बाहेर काहीतरी लोखंडी धाडकन पडलं.

त्यानंतरचा आवाज मला आजही ओळखता येईल. तो आऱ्यांचा होता.

मी ताडपत्रीखालून रांगत बाहेर आले तेव्हा मैदान गुरांनी भरलं होतं. गावाच्या सगळ्या दारांतून गुरं येत होती, वासरं, गायी, म्हशी, आणि जणू आपापली जागा ठरलेली असावी तशी उभी राहत होती. एक तांबडी गाय त्या गुळगुळीत खोडाला मान घासत होती, डोळे मिटून, समाधानानं. तिचा पुढचा पाय माझ्या सायकलच्या पुढच्या चाकात होता.

"अरे, कोण होय थे?" घोंगडी पांघरलेला, काठी घेतलेला एक म्हातारा पुढं आला. तो गावाचा गायकी होता, गुरं राखणारा. त्यानं गायीच्या पुठ्ठ्यावर थाप मारून तिचा पाय काढला आणि माझ्याकडे पाहिलं. "आखरावर झोपल्या काय वो बाई तुम्ही?"

आखर म्हणजे काय, हे तेव्हा मला कळलं. गावाची गुरं सकाळी जिथं जमवतात आणि मग चरायला नेतात, ती जागा. गवत आखूड होतं ते गुरांनी खाल्लेलं. जमीन स्वच्छ होती, कारण शेण गोळा करायला बायका रोज येतात. त्या तशा येतही होत्या, टोपली घेऊन, आणि आमच्याभोवती उभ्या राहत होत्या. आत्या ओढ्याकडून धावत आली, हातात टमरेल.

"बुढ्या," एक बाई गायक्याला म्हणाली, "आज दोन वाढल्या तुह्याकडे."

"वाढल्या ना. पण यायचं धान्य कोण देईन मले?" गायकी म्हणाला. त्याला दर जनावरामागं धान्य मिळायचं. "आन् दुधाच्या हाय का भाकड, थेही मालूम नाही."

सगळ्या हसल्या. आत्याही हसली, तिच्या पद्धतीनं, खाली न पाहता. मी सायकल उचलून उभी केली. पुढचं चाक फिरेना. रिंग आंब्याच्या कोयीसारखी मुरडली होती आणि तीन आरे तुटून लोंबत होते.

"कोणाच्या होय वो तुम्ही?" शेणाची टोपली घेतलेल्या म्हातारीनं विचारलं.

आत्या बोलायच्या आधी मीच बोलले. का, ते मला सांगता येणार नाही. चाकापुढे तो प्रश्न मला लहान वाटला असावा. "आम्ही बौद्ध आहोत. यवतमाळच्या." माझी पुस्तकी मराठी ऐकून एक पोरगी फिसकन हसली.

म्हातारीनं टोपली कमरेवर घेतली. "मंग तुमची वस्ती त्या अंगाले आहे ना, वढ्याच्या पल्याड. तिथं काहून नाही गेल्या? आपल्या मानसात झोपल्या असत्या, घरात. इथं ढोरात येऊन कायले पडल्या?"

ती चिडवत नव्हती, खरंच विचारत होती. ओढ्यापलीकडे झाडांमागून धूर निघत होता. इतक्या जवळ. मला बाबांची अट तिला सांगता आली नाही. आपल्या माणसांची वस्ती प्रत्येक गावी अशी ओढ्यापलीकडे का असते, हेही तिला विचारता आलं नाही.

"पोरीचं चाक गेलं," गायकी म्हणाला. "एक काम करा. कापसाची गाडी निघून राह्यली माह्या पुतन्याची. त्यात टाका सायकली. सडकेवर एस.टी. भेटते. दुपारी घरी."

आत्यानं माझ्याकडे पाहिलं. तिचा चेहरा मी कधी तसा पाहिला नव्हता. ती थकली होती. "चाल पोट्टे," ती हळूच म्हणाली. "चाक तर पाह्य. दादाले मी सांगीन. गायीनं तोडलं, त्याले आपण काय करू?"

बाबा ऐकून घेतील, हे मला माहीत होतं. ऐकून घेऊन म्हणतील, पाहा, मी म्हणत होतो ना, रात्र झाली तर. आणि ते रागावणार नाहीत, उलट त्यांचा जीव भांड्यात पडेल. त्याचीच मला जास्त भीती वाटली.

"नाही," मी म्हणाले. "आधी सरळ करून पाहू."

पाना काढला, चाक सोडवलं. नट हातातून सुटून गवतात पडला, तो एका पोरीनं शोधून दिला. दुकानात पाहिलं होतं तसं चाक गुडघ्याखाली घेऊन दाबलं, ते हललंही नाही. मग दुसऱ्या कडुनिंबाच्या दुबेळक्यात रिंग अडकवली आणि मी आणि आत्या दोघी मिळून तिच्यावर लोंबकळलो. खालून बायका सूचना देत होत्या. "इकडून दाबा." "नाही वो, तिकडून, तिकडं फुगलं." रिंग एकदम मागं आली, इतकी की दुसऱ्या बाजूला मुरडली. पुन्हा उलटं दाबलं. शेवटी ती गोल झाली नाही, पण फिरायला लागली. ब्रेकला घासत होती म्हणून पुढचा ब्रेक काढून टाकला. तुटलेले आरे शेजारच्या आऱ्यांना गुंडाळले. गायकी गुरं घेऊन निघाला होता. जाता जाता म्हणाला, "पुढच्या खेपेले गावात पुसून घेजा, बाई. आखर कोठी भरते म्हनून."

*

त्या सायकलवर बसून निघाले तेव्हा प्रत्येक फेऱ्याला चाक एकदा डावीकडे झुकायचं आणि फोर्कला लागून खर्र करायचं. तो आवाज मी दिवसभर ऐकला. खर्र झालं की बरं वाटायचं, कारण चाक अजून आहे. खर्र व्हायला जरा उशीर झाला की मी वाकून चाकाकडे पाहायचे. मधेच टक्क आवाज यायचा, आणखी एक आरा गेलेला असायचा. आम्ही उतरून तो गुंडाळायचो आणि पुढं निघायचो. उतारावर मी उतरून चालत होते, पुढचा ब्रेक नव्हता म्हणून. चढावर तर चालतच होते.

चढावर मागून एस.टी. आली आणि आमच्याजवळ येऊन हळू झाली. कंडक्टरनं खिडकीतून डोकं काढलं. "टपावर जागा आहे, ताई. टाका सायकली."

आत्या थांबली. मीही थांबले. गाडीतले लोक आमच्याकडे पाहत होते. मी मान हलवली, नाही म्हणून, आणि चालू लागले. मागं काय होतंय ते पाहायचं मला धाडस झालं नाही. थोड्या वेळानं गाडी धूळ उडवत पुढं गेली, आणि धूळ खाली बसल्यावर आत्याच्या सायकलचा आवाज माझ्या मागं ऐकू आला.

"तुह्या बापावर गेली तू," ती म्हणाली. "बह्याड. निरी येडी."

ऊन कलल्यावर यवतमाळचा जकात नाका दूरवर दिसला. सपाट रस्ता होता, म्हणून मी पुन्हा सायकलवर बसले. नाक्यापाशी चहाच्या टपरीबाहेर काही माणसं आणि सायकली उभ्या होत्या. त्यातल्या एका सायकलच्या कॅरिअरला छत्री लावलेली होती.

हिवाळ्यात कुणी छत्री बाळगत नाही. माझे बाबा बाळगायचे. बारा महिने.

आम्ही बरंच लांब होतो. टपरीतून एक माणूस बाहेर आला, डोळ्यांवर हात धरून रस्त्याकडे पाहत उभा राहिला. मग त्यानं घाईघाईनं ती सायकल घेतली, टांग मारली, आणि छत्री हलत हलत नाक्याच्या आत, बोळात दिसेनाशी झाली. आत्या माझ्या मागं होती. तिनं पाहिलं की नाही, मी विचारलं नाही. मागून कुणाला आणायला यावं लागू नये, ही त्यांचीच अट होती.

घरी पोचलो तेव्हा बाबा खाटेवर पेपर घेऊन बसले होते. पाठीवर सदरा घामानं चिकटला होता. पायजम्याच्या सायकलच्या क्लिपा घोट्यांवर तशाच होत्या. माझी नजर तिथं गेली. त्यांनी पाय खाटेखाली घेतले.

"आल्या काय?"

"आलो."

"चाक कशानं गेलं?"

"गायीनं पाय दिला."

त्यांनी पेपरची घडी घातली. "राती कोठी राह्यल्या?"

"काल आखरावर," मी म्हणाले.

"आखर म्हंजे?"

आत्या मोरीवर पाय धूत होती, तिथूनच हसायला लागली. मला सांगावं लागलं, गुरं कशी आली, गायकी काय म्हणाला, दोन जनावरांचं धान्य. आईनं तोंडाला पदर लावला. बाबा हसले नाहीत. "ढोरात," ते म्हणाले, आणि पुन्हा, "ढोरात झोपल्या." मग त्यांनी मला पाणी आणून दिलं, स्वतः उठून. अर्जाबद्दल त्या दिवशी कुणी काही बोललं नाही. पुलगावबद्दलही नाही. मी अंथरुणात पडल्यावर तेच न बोललेलं सगळं कानात खर्र खर्र करत राहिलं. सायकलीवरच आलो होतो, पण अर्धा रस्ता चालत. ते धरतील की नाही?

आता मी ढाणकीच्या बाजूला असते. माझ्याकडे काही गावं आहेत. सायकल आहे, कॅरिअरवर तीच ताडपत्री आहे. बहुतेक वेळा कुणी ना कुणी खोली देतं. देत नाही तेव्हा मी विचारते, आखर कुठं भरतं, आणि तिथून लांब उतरते. या प्रश्नानं लोकांना वाटतं की बाई खेड्यातली आहे. मी ते तसंच राहू देते.

पण त्या रात्रीनंतरच्या सकाळचं सांगायचं राहिलं. मी उठले तर ओट्याखाली सायकल नव्हती. आई चूल पेटवत होती. "दुकानात नेली त्यायनं, रिंग बदलाले," ती म्हणाली. "म्हणे पोरीले लागन."

ऊन अंगणात आल्यावर बाबा सायकल ढकलत आले. बसून आले नव्हते, ढकलत आणली होती. पुढची रिंग नवी होती, चकचकीत. त्यांनी ती भिंतीला टेकवली आणि मला पाहिलंच नाही असं दाखवून वाकले. अंगठ्यानं पुढचा टायर दाबून पाहिला. मग मागचा. मग पुन्हा पुढचा.